मास्तरांनी दिलेला वाढदिवस

१ जूनला सकाळी सातच्या आत अप्पांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. प्रिय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मागोमाग विमा कंपनी, मग सिमकार्डवाले, मग गावच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि केक. अप्पा चष्मा शोधायच्या भानगडीत पडत नाहीत. "आला बघ मास्तरांचा वाढदिवस," म्हणतात आणि बशीत चहा ओततात.

केक एकट्या अप्पांसाठी नसतो. खाली नावांची रांग लागलेली असते. त्यांचे थोरले चुलतभाऊ, वरच्या गल्लीतले रिटायर कंडक्टर, पिठाच्या गिरणीचे मालक, देवस्थान कमिटीतले दोघे. सगळे १ जूनचे. गणितात एक गंमत सांगतात. कुठलीही २३ माणसं एका खोलीत बसवली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. ऐकून पटत नाही, कागदावर मांडलं की पटतं. आमच्या गावच्या पारावर मात्र २३ कशाला, साठीपुढचे दोघे बसले तरी काम होतं.

हे असं का, ते माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला लागत नाही. लेकीला सांगावं लागलं. तिचा जन्मदाखला दवाखान्यातून आलेला, त्यावर वेळेसकट सगळं छापलेलं. एका गावात इतकी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली, हा तिचा प्रश्न रास्तच होता. "त्या दिवशी गावात काय झालं होतं?" तिनं विचारलं.

शाळा सुरू झाली होती, एवढंच.

१९६१ च्या जूनमध्ये आज्जानं अप्पांना शाळेत नेलं. मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं झालं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. अप्पांची बोटं कानाच्या वर चार अंगुळांवर थांबली. आज्जानं मागून त्यांची मान हळूच वाकवली. लागला कान. मास्तरांनी हे पाहिलं होतं की नाही, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. जन्मतारीख विचारली तेव्हा आज्जा म्हणाला, घरी विचारून सांगतो. तेवढा वेळ मास्तरांना नव्हता, दारात अजून पंधरा पोरं उभी होती. त्यांनी टाक दौतीत बुडवला, सहा वर्षं मागं मोजली आणि लिहिलं: १ जून १९५५.

आता आज्जीकडची बाजू. आज्जीला तारखा येत नव्हत्या, पण तिचा हिशेब मास्तरांच्या रजिस्टरपेक्षा पक्का होता. ती सांगायची, "बेळगावात गोळीबार झाला तवा मला नुकते दिवस गेलेले. गौरी जेवल्या त्या रात्री तुझा बा झाला. आणि हद्द बदलली तवा माझी सव्वा महिन्याची अंघोळ होऊन आठवडा झाल्ता."

मी हे कैकदा ऐकलं होतं. कॉलेजात गेल्यावर एकदा कागद घेऊन बसलो. मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूरला जाणार हे जाहीर झालं, बेळगाव पेटलं, आणि गोळीबार झाला तो १७ जानेवारी १९५६ ला. आजही सीमाभागात १७ जानेवारी हुतात्मा दिन म्हणूनच पाळतात. हद्द बदलली ती राज्य पुनर्रचनेची तारीख, १ नोव्हेंबर १९५६. त्या वर्षी ती ऐन दिवाळीत आली होती. या दोन खांबांच्या मधे ज्येष्ठा गौरी येतात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे अप्पा शाळेच्या कागदापेक्षा पंधरा महिन्यांनी लहान. आज्जीनं बाळाचा जन्म दोन राजकीय तारखांच्या मधे असा नेमका बसवला होता, आणि तिला मात्र वाटायचं की ती गौरीचं सांगते आहे.

या हिशेबातून आणखी एक निघालं. अप्पा जन्मले मुंबई राज्यात. दीड महिन्याचे होईपर्यंत ते म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ च्या १ नोव्हेंबरला, सतराव्या वर्षी, कर्नाटकात. या सगळ्यात घर हललं नाही. जोतं तेच, परड्यातला आड तोच, वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता तोच. २०१४ च्या १ नोव्हेंबरला आमच्या शहराचं नावही सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. अप्पांच्या आधार कार्डावर राज्य कर्नाटक आहे आणि जन्मतारीख १ जून १९५५. त्या तारखेला ते जन्मले नव्हते, आणि कर्नाटक नावाचं राज्यही जन्मलेलं नव्हतं.

पहिल्या तारखांचं हे मला फार उशिरा ध्यानात आलं. १ मे, १ जून, १ नोव्हेंबर या दिवसांवर एवढ्या घटना का येऊन पडतात? तो योगायोग नाही. पहिल्या तारखा बहुतेक हुकमाच्या असतात: 'अमुक दिनांकापासून अमलात येईल.' कुणीतरी टेबलाशी बसून सोयीचा आकडा निवडतो, पगार, हजेरी, हिशेब सगळं महिन्याच्या तोंडाशी लावतो. मास्तरांनी केलं ते दिल्लीतल्या सचिवापेक्षा वेगळं नव्हतं. दौत तेवढी लहान.

सातवीत मला फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम होतं. अक्षर बरं होतं म्हणून. इकडच्या शाळा जूनच्या पहिल्या तारखेला उघडायच्या, तर शिनोळीच्या पलीकडं, चंदगड तालुक्यातल्या मामाकडच्या पोरांना पंधरा जूनपर्यंत सुट्टी. सीमाप्रश्न म्हणजे काय हे मला आधी कळलं ते असं: तीच करवंदं, तेच फणस, पण आमची सुट्टी दोन आठवडे आधी संपायची. मामाची पोरं ओढ्यात डुंबत असताना आम्ही नव्या वहीचा वास घेत वर्गात बसलेलो.

तर १९९६ चा १ जून. शनिवार होता, सकाळची शाळा. गुरुजी बेळगावचा पेपर घेऊन आले. देवेगौडांचा पंतप्रधान म्हणून शपथविधी त्या दिवशी होता. कर्नाटकातला माणूस पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसणार होता. गुरुजी सांगत गेले, मी खडूनं लिहीत गेलो. एसटीची पहिली गाडी १९४८ ला पुणे ते नगर धावली. दख्खनची राणी १९३० ला सुरू झाली. मग मी माझ्या मनानं शेवटची ओळ लिहिली: 'आज आपल्या राज्याचे एच. डी. देवेगौडा पंतप्रधान होणार.'

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. डस्टर उचललं. 'आपल्या राज्याचे' एवढंच पुसलं आणि त्या जागी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'कर्नाटकाचे' लिहिलं. मग थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं तेही पुसतील. पुसलं नाही. हात झटकले, खडूची पूड धोतरावर पडली, आणि हजेरी सुरू केली. त्या फळ्यावर आदल्या अक्षरांची सावली दिवसभर दिसत होती, ओल्या फडक्यानं पुसलं नव्हतं म्हणून.

गुरुजींनी एक जूनची आणखी एक गोष्ट त्या दिवशी सांगितली नाही. ती सगळ्यांना माहीत होती. तिच्याकडे येतो.

आधी बाकीच्यांचं. एका तारखेच्या चौकटीत कोण कोण येऊन बसतं हे बघायचा मला नाद आहे, आणि एक जूनची चौकट भरगच्च आहे. १९२९ च्या १ जूनला कोल्हापुरात पाच जणांनी मिळून प्रभात फिल्म कंपनी काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी. त्याच दिवशी, त्याच वर्षी कलकत्त्यात एक मुलगी जन्मली, तिचं घरचं नाव फातिमा रशीद. पुढं ती नर्गिस झाली. एकाच दिवशी एकीकडं मराठी सिनेमाचं घर उभं राहत होतं आणि दुसरीकडं हिंदी सिनेमाची राणी पाळण्यात. एकमेकांची खबर दोघांना नव्हती. ही माझी सगळ्यांत लाडकी जोडी, आणि तिला काहीएक अर्थ नाही हे मला ठाऊक आहे.

दख्खनच्या राणीचं मात्र कौतुक वाटतं. दरवर्षी एक जूनला पुण्याच्या फलाटावर प्रवासी तिच्यासाठी केक कापतात, इंजिनाला हार घालतात. गाडीचा वाढदिवस अगदी खरा आहे, वेळापत्रकासह. आमच्या अप्पांना मेसेजवर भागवावं लागतं.

एसटीची पहिली गाडी, ती लाकडी बॉडीची बेडफोर्ड, आमचीही होती एका अर्थी. १९४८ साली आम्ही मुंबई राज्यातच, म्हणजे महामंडळ तेच. १९५६ नंतर डेपोंच्या पाट्या बदलल्या. आज्जी मात्र मरेपर्यंत कर्नाटकाच्या गाडीलाही एसटीच म्हणत होती, आणि कन्नड कंडक्टरलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तोही म्हणायचा, "यष्टी निघाली, चला की आज्जी, बेगी बेगी."

एक जोड अशी आहे की ती सापडल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. अस्पृश्यता गुन्हे कायदा देशभर लागू झाला तो १ जून १९५५ ला. तारीख आणि वर्ष दोन्ही अप्पांच्या दाखल्यावरचं. पुढं १९७६ पासून त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणू लागले. मी हे आज्जीला सांगितलं, गंमत म्हणून. म्हटलं, तुझ्या लेकाच्या वाढदिवशी शिवाशिव बंद झाली. ती तांदूळ निवडत होती. सुपातले खडे वेचत म्हणाली, "कागदावर की रे." मी विचारलं, मग गावच्या पाणवठ्यावर कधी बंद झाली? तिनं सूप पाखडलं, फोलपटं उडाली, आणि यंदा भाताला रोग कसा पडला ते सांगायला लागली. तिच्या हिशेबात गौरी होत्या, गोळीबार होता, म्हशीचं वेत होतं. या प्रश्नाच्या उत्तराला तिच्याकडे कुठलीच खूण नव्हती, किंवा होती आणि तिला ती काढायची नव्हती. तिला शाबासकी देत किंवा दोष देत हे लिहिणं सोपं आहे. मी त्या दिवशी तिच्या शेजारी बसून तांदळातले खडे वेचले आणि पुढं विचारलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

अप्पांचं निवृत्तीचं सांगायचं राहिलं. सरकारी नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. दुसऱ्या तारखेचा असेल तर त्याच महिन्याच्या अखेरीस. त्यामुळं ३१ मे ला सगळ्या कचेऱ्यांत नारळ आणि शालींचा पूर येतो. अप्पाही ३१ मे २०१५ ला घरी आले, हातात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. कर्नाटकात साठीला सोडतात, म्हणून साठ. पलीकडं तलाठी असलेला मामा, त्याचाही १ जूनच, तो अठ्ठावन्नाला सुटला. दोघे एकदा जेवणाच्या पंगतीत हिशेब करत बसले होते. अप्पा म्हणाले, "मास्तरांनी एकाच्या ऐवजी दोन लिहिलं असतं तर एक महिन्याचा पगार जास्त मिळाला असता. आणि खरं लिहिलं असतं तर सोळा महिन्यांचा." मामा म्हणाला, "दाजी, खरं लिहिलं असतं तर त्या वर्षी शाळेत घेतलं नसतं. पुढच्या वर्षी तुम्हाला म्हशीमागं लावलं असतं. नोकरी कुठली?" यावर अप्पांनी आमटी वाढून घेतली.

इथं एक आडवाट. एकाच तारखेला घडलं म्हणजे एकाच दिवशी घडलं, असंही नसतं. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सांगतात, आणि त्या तारखेला जगभर पुस्तक दिन पाळतात. पण स्पेननं तोवर नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं आणि इंग्लंड जुन्यावरच होतं. म्हणजे कागदावर तारीख एक, आणि मधे खरे दहा दिवस. रोमच्या पोपनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला होता. मधले दिवस कुणी जगलंच नाही. मास्तरांनी अप्पांचे पंधरा महिने वाढवले तर त्यात एवढं काय?

आमच्याकडं तर हा तारखेचा खेळ रस्त्यावर मांडलेला असतो. महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला. बेळगावात मोठी शिवजयंती जुन्या तिथीची, वैशाख शुद्ध द्वितीयेची. चित्ररथांची मिरवणूक बघायला चंदगड, गडहिंग्लजपासून माणसं येतात, रात्रभर शहर जागं असतं. आणि वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीया, ही बसव जयंती. म्हणजे शिवाजी महाराज आणि बसवेश्वर आमच्या पंचांगात लागोपाठच्या घरांत राहतात. महिना तोच, पक्ष तोच, मधे एक रात्र. एका वर्षी आमच्या चौकात एकाच्या कमानीवरची माळ उतरवून दुसऱ्याच्या कमानीवर चढवताना मी पाहिली आहे. इलेक्ट्रिशियन एकच होता. त्याला कुणी विचारलं की तू कुणाचा, तर म्हणायचा, "भाडं दोघांकडचं यायचं आहे."

नेमून न येणाऱ्या तारखांचाही एक दाखला बेळगावाकडं आहे, आणि तो ताजा आहे. १९२४ च्या २६ डिसेंबरला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते. आयुष्यात त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. सगळी जमवाजमव हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची. टिळकांचा हा चेला, लोक त्यांना कर्नाटक सिंह म्हणायचे. पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. अकरा वर्षांची एक मुलगी तिथं गायली, ती पुढं गंगूबाई हनगल झाली. आणि हुईलगोळ नारायणरावांनी 'उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु' म्हटलं. उदय पावो आमचं सुंदर कन्नड राज्य. त्याच मंडपाच्या आसपास कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली. एकवीसेक वर्षांनी, मे १९४६ मध्ये, याच शहरात मराठी साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही राज्यांची स्वप्नं आमच्याच गल्ल्यांत पाहिली गेली. वैर करायचं म्हटलं तरी शेजाऱ्याच्या परड्यात आपलंच बी सापडतं, अशी ही गत.

तर २६ डिसेंबर २०२४. शताब्दी. शहरभर रोषणाई, झाडांना दिव्यांच्या माळा, कमानी, बंदोबस्त. आम्ही लेकीला दुचाकीवर बसवून दिवे दाखवायला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठी सभा व्हायची होती. रात्री घरी येऊन हातपाय धुतो तोवर टीव्हीवर बातमी: मनमोहन सिंग गेले. दिल्लीत, त्याच रात्री. गांधीजींच्या अधिवेशनाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. सभा रद्द झाली. सकाळी दूध आणायला गेलो तर काल जिथं माणसं सेल्फी काढत होती तिथं एक पोऱ्या शिडीवर चढून माळांच्या पिना काढत होता. हे कुणी टेबलाशी बसून ठरवलेलं नव्हतं. त्याच्या वीस वर्षं आधी, २००४ च्या २६ डिसेंबरला समुद्रानं दोन लाखांवर माणसं नेली, तेही कुणी ठरवलं नव्हतं. अशा तारखांपुढं माझा नाद लाजतो. त्यांची यादी करायला हात होत नाही, तरी मी करतो.

आता एक जूनची ती गोष्ट.

१९८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधात सीमाभाग पेटला. प्रश्न भाषेचा, शाळांचा, कचेऱ्यांतल्या कागदाचा. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, म्हणून तो जूनलाच तापला असावा, असं आपलं मला वाटतं. माणसं गेली. मी दोन वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर माणसं जमतात, फुलं वाहतात, भाषणं होतात. आमच्या गावाहून बेळगावला जाताना हिंडलगा वाटेतच लागतं.

त्याच दिवशी, १ जून १९८६ ला, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. ब्राझील विरुद्ध स्पेन. स्पेनच्या मिशेलनं मारलेला चेंडू वरच्या दांडीला लागून खाली आला, गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर उसळला. रेफ्रीनं गोल दिला नाही. ब्राझील एक-शून्यानं जिंकलं. चेंडू आत होता हे नंतर सगळ्या जगानं चित्रात पाहिलं, निकाल बदलला नाही. मी ही दोन टिपणं एकाच वहीत, एकाखाली एक लिहिली आहेत आणि मधे काही लिहिलेलं नाही. लिहायला गेलो की दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो.

अप्पा दरवर्षी जातात हिंडलग्याला. महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते वगैरे नाहीत. आयुष्यभर कर्नाटक सरकारची नोकरी केली, कचेरीत कन्नडमध्ये शेरे मारले, कन्नड त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि साहेब बागलकोटचे असोत की धारवाडचे, त्यांच्याशी घरोबा होता. पण १ जूनला बस हिंडलग्याला थांबली की उतरतात. नोकरीत होते तेव्हाही उतरायचे, थोडं अलीकडं उभे राहायचे. एका वर्षी मी सोबत होतो. वळवाचा पाऊस रात्री होऊन गेलेला, रोहिणी नक्षत्र, शेतांत धूळवाफ पेरणी चालू. स्मारकासमोर रांग लागली होती. अप्पांच्या हातात परड्यातली चार मोगऱ्याची फुलं. पुढं उभ्या असलेल्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, ओळखलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आज तुमचाबी न्हवं?"

"माझाबी," अप्पा म्हणाले.

दोघांनी हात हातात घेतले, घाईघाईनं सोडले, जणू काही चोरून केलं. मग रांग पुढं सरकली.

या वर्षी लेकीनं शोध लावायचं ठरवलं. तिला आज्जीचं सूत्र मी सांगितलं होतं, गौरी जेवल्या त्या रात्री. तिनं मोबाइलवर १९५६ चं पंचांग शोधलं, भाद्रपद काढला, ज्येष्ठा नक्षत्र कुठल्या दिवशी ते बघितलं, पाच मिनिटांत सप्टेंबरची एक तारीख काढून आजोबांसमोर धरली. मला कॉलेजात जे आठवड्यापर्यंत आलं होतं ते तिनं दिवसापर्यंत आणलं. अप्पा ती तारीख बघत राहिले. "रात्री म्हणजे बाराच्या आधी की नंतर?" त्यांनी विचारलं. हे सांगणारं आता कुणी नव्हतं. "मग सोड," ते म्हणाले.

तिनं सोडलं नाही. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, आईचं. दुधाचे खाडे, भिशीचा हप्ता, कुणाचं लग्न, सगळं त्यावर. लेकीनं पानं उलटून सप्टेंबर काढला, ती चौकट शोधली आणि शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'आज्जा'. अप्पांनी लांबून पाहिलं. म्हणाले, "पेनानं नको हं."

सप्टेंबरात मी पान उलटलं तेव्हा पेन्सिलीची अक्षरं थोडी फिकट झाली होती. त्याच चौकटीत, त्यांच्या अंगावर अर्धं चढून, आईनं निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं: 'सिलिंडर लावला.'